ईसीजीच्या कागदावर गोळ्यांची नावं लिहायची जागा परत द्या

प्रति,
विश्वस्त मंडळ, मेडिकल सुपरिटेंडंट सर, आणि लांब शहरात बसून आमच्या तालुक्यातले ईसीजी वाचणारे सगळे डॉक्टर,

नमस्कार.

हॉस्पिटलचं नाव इथे लिहीत नाहीये. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि जे लिहितेय ते एकाच हॉस्पिटलपुरतं नाही म्हणूनच सगळ्यांसमोर लिहितेय. आईच्या ईसीजीबद्दलच्या माझ्या अर्जाला गेल्या आठवड्यात तुमचं दोन ओळींचं उत्तर आलं, की ईसीजीचा अहवाल प्रचलित पद्धतीनुसार दिलेला असून त्यात त्रुटी आढळली नाही. मी ते चार वेळा वाचलं. पद्धतीनुसार झालं हे मला मान्यच आहे. माझी तक्रार त्या पद्धतीबद्दलच आहे.

मी ईसीजी टेक्निशियन आहे. २२ वर्षं झाली पट्ट्या काढतेय, त्यातली पहिली सहा तुमच्याच हॉस्पिटलमधे. तेव्हा एक पिवळसर छापील फॉर्म असायचा, नाव, वय, तक्रार, आणि त्याच्याखाली एक आडवा रकाना, "चालू औषधे". पेशंटची पिशवी उघडायची, पाकिटं बाहेर काढायची आणि त्यात नावं लिहायची हे मला पहिल्याच आठवड्यात तिथल्या जुन्या सिस्टरनी शिकवलं. सगळ्यात खाली टेक्निशियनसाठी एक ओळ होती, काही वेगळं दिसलं तर लिहायला. आता ईसीजी अ‍ॅपवरून जातो, दहा मिनिटांत रिपोर्ट येतो, रात्री दोन वाजता सुद्धा येतो, ही सोय चांगलीच आहे, आमच्यासारख्या तालुक्यात रात्री कोण हार्टचा डॉक्टर मिळणार. पण अ‍ॅपमधे नाव, वय, स्त्री की पुरुष, एवढंच भरायचं. औषधांचा रकाना गेला आणि खालची ओळही गेली.

आता माझ्या आईचं सांगते.

आई ७१ वर्षांची. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यातून हृदयाची झडप आखडली, १९९८ साली मुंबईला फुगा घालून ती मोकळी करून घेतली. नंतर वरचे कप्पे थरथरायला लागले, म्हणजे तुम्ही ज्याला एएफ म्हणता ते. तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी, लघवीची गोळी आणि डिजॉक्सिन, म्हणजे नाडी फार पळू न देणारी गोळी. डिजॉक्सिन सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी, आपल्याकडे अनेकांना असंच लिहून देतात. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेननं खूण करते आणि शनिवार-रविवारच्या चौकोनात बारीक फुली. इतक्या वर्षांत ती फुली चुकलेली मी बघितली नाही.

श्रावणात तिला खोकला झाला. गावातल्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक दिलं, सात दिवसांचा कोर्स. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जेवण जाईना, मळमळ, जुलाब, दोनदा उलटी, पाणी पण पोटात राहीना. त्यात लघवीची गोळी चालूच. शुक्रवारी भावाने तुमच्याकडे अ‍ॅडमिट केलं. तिनं राउंडला सांगितलं की भात हळद घातल्यासारखा दिसतोय, ट्यूबलाईटच्या भोवती पिवळं कडं दिसतंय. त्यावर मोतीबिंदूचं असेल, डोळे नंतर दाखवा, असं सांगितलं गेलं.

ईसीजीचा रिपोर्ट आला: एएफ, व्हेंट्रिक्युलर रेट कंट्रोल्ड (खालच्या कप्प्यांचा वेग ताब्यात), लॅटरल लीडमधे एसटी डिप्रेशन (ठोक्यानंतरची रेषा खाली दबलेली), इस्केमियाची, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची, शक्यता. मग उपचार त्याच दिशेने गेले, पित्ताचं इंजेक्शन आणि इस्केमियाच्या गोळ्या. आणि वॉर्डच्या चार्टवर जुन्या चिठ्ठीवरून उतरवलेलं डिजॉक्सिन, रोज एक. शनिवारी आई सिस्टरला म्हणाली, बाई आज माझ्या या गोळीला सुट्टी असते. चार्टवर आहे आजी, घ्या, असं उत्तर आलं. रविवारी पण तेच. सिस्टरला मी दोष देत नाही, तिच्या हातात चार्ट होता आणि चार्टवर सुट्टी नव्हती.

शनिवारी रात्री भावाने पट्टीचा फोटो पाठवला, तिरका आणि अंधुक. मी झूम करून बघत बसले आणि झोप उडाली. पहाटेच्या एसटी बसनं निघाले, रविवारी दुपारी पोचले, फाईलमधली मूळ पट्टी मागून घेतली आणि वहीच्या कागदाची कड त्यावर ठेवून पेन्सिलीनं खुणा केल्या. एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत २९ बारीक घरं, म्हणजे मिनिटाला साधारण ५२ ठोके. पुढची पण २९. त्याच्या पुढची पण २९. तोवर आईची नाडी ३८ वर आली होती.

ज्यांना ईसीजी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हे पत्र त्यांनीही वाचावं. एएफमधे हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला साडेतीनशेच्या वर वेळा नुसते थरथरत असतात, त्यातले काहीच झटके मधल्या फाटकातून खाली जातात, कधी कुठला जाईल याचा नेम नसतो. म्हणून एएफची नाडी कधीच एकसारखी लागत नाही, दोन ठोके जवळ, तिसरा लांब, आमच्या हाताला ते लगेच कळतं. डिजॉक्सिन हे फाटक अर्धवट लोटून ठेवतं म्हणजे नाडी फार पळत नाही, तेच त्याचं काम. पण अंगात डिजॉक्सिन जास्त साठलं की फाटक पूर्ण बंद होतं. वरचा गोंधळ तसाच चालू राहतो आणि खालचं हृदय वरचं ऐकायचं सोडून स्वतःच्या संथ तालावर चालायला लागतं. म्हणजे पट्टीवर वरची थरथर दिसते, म्हणून एएफ, आणि रेट ५२, म्हणून कंट्रोल्ड. वाचणाऱ्याला वाटतं औषध छान लागू पडलंय, आणि खरं तर विषबाधा झालेली असते. फरक एकाच गोष्टीत दिसतो, एएफ असूनही ठोके घड्याळासारखे सारख्या अंतरावर पडत असतात. एएफचा पेशंट डिजॉक्सिनवर असेल आणि नाडी एकदम नियमित लागायला लागली तर आनंद मानायचा नाही, आधी घाबरायचं, हे मला त्याच पिवळ्या फॉर्मच्या दिवसांत तुमच्याकडच्या एका फिजिशियन सरांनी उभ्या उभ्या शिकवलं होतं.

आता रिपोर्टमधला तो एसटी, म्हणजे पट्टीवरचा ठोक्यानंतरचा रेषेचा तुकडा. डिजॉक्सिन घेणाऱ्या माणसाचा एसटी खाली झोळीसारखा लोंबतो, काहीजण उलटा टिक मार्क म्हणतात. क्यूटी, म्हणजे पट्टीवर एका ठोक्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं अंतर, ते पण थोडं आखूड होतं. याचा अर्थ एवढाच की हा माणूस डिजॉक्सिन घेतो. तो विषबाधेचाही पुरावा नाही आणि इस्केमियाचा तर नाहीच. पण गोळीचं नाव माहीत नसेल तर झोळी बघून इस्केमिया लिहिलं जाणारच, वय ७१ आहे, काय चुकलं त्यात? म्हणून लांबून वाचणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांना आम्ही एक कागद पाठवला आणि त्यावरची सगळ्यात महत्त्वाची माहिती काढून घेऊन पाठवला.

पुढचं थोडक्यात. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन जे कायम १.१ असायचं ते २.३ निघालं, पोटॅशियम ३.०, म्हणजे कमी. रविवारी रात्री गोळी बंद केली, सोमवारी जिल्ह्याला हलवलं, तिथे मानेतून तात्पुरता पेसमेकर टाकला, सलाईन आणि पोटॅशियम अगदी सांभाळून दिलं. रक्तातली डिजॉक्सिनची लेव्हल आली ३.४, ती सुद्धा तिसऱ्या दिवशी, कारण सॅम्पल मोठ्या शहरात पाठवावं लागलं. डिजॉक्सिनवर उतारा म्हणून अँटीबॉडीचं इंजेक्शन असतं, माणसांवर पहिल्यांदा १९७६ साली वापरलेलं, भावाने रात्रभर फोन केले, आम्हाला ते कुठेच मिळालं नाही. आई अकरा दिवसांनी घरी आली. आज चालते-फिरते, पण जिने चढायची बंद झाली आणि कुठलीही नवीन गोळी दिली की माझ्या तोंडाकडे बघते.

हे सगळं अचानक आलेलं नव्हतं, एकावर एक रचत गेलेलं होतं. डिजॉक्सिन मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी चांगली असेल तर ते निम्मं व्हायला दीड ते दोन दिवस लागतात, किडनी बसली की चार-पाच दिवस. जुलाब-उलट्यांनी पाणी गेलं, किडनी बसली. लघवीच्या गोळीनं आणि जुलाबानं पोटॅशियम गेलं, आणि पोटॅशियम कमी असलं की तेवढंच डिजॉक्सिन हृदयाला जास्त बाधतं, म्हणजे लेव्हल नॉर्मल आली तरी बाधा होऊ शकते. आणि क्लॅरिथ्रोमायसिन तर शरीर ज्या वाटेने डिजॉक्सिन बाहेर टाकतं तीच वाट अडवतं. अमिओडॅरोन, व्हेरापामिल या हृदयाच्याच दुसऱ्या औषधांनी सुद्धा लेव्हल वाढते. पिवळं दिसणं, भूक मरणं, मळमळ, ही लक्षणं काही आज सापडलेली नाहीत. १७८५ साली इंग्लंडमधे विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरांनी, ज्या झाडाच्या पानांपासून या औषधाची सुरुवात झाली त्या डिजिटॅलिसबद्दल हेच लिहून ठेवलंय, की जास्त दिलं तर उलट्या होतात, नाडी मंदावते आणि वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात. आईनं तेच सांगितलं होतं, तिच्या भाषेत, भाताबद्दल.

माझे मुद्दे आता सरळ लिहिते.

औषधांचा रकाना काढला हा पहिला आणि सगळ्यात मोठा. बाकीचे मुद्दे नाही ऐकलेत तरी हा ऐका. ईसीजी हा काही फोटो नाही की बघितला आणि ओळखला, डिजॉक्सिनच्या बाबतीत तर नाहीच. या औषधाच्या बाधेत दोन उलट गोष्टी एकदम होतात, हृदयाचे स्नायू चिडतात म्हणून मधेच जादाचे ठोके पडतात, आणि फाटक दबतं म्हणून ब्लॉक येतो. त्यामुळे दिसायला काहीही दिसू शकतं. एक साधा एक जादाचा अशी जोडी, तिला बायजेमिनी म्हणतात. कधी वरचे कप्पे वेगाने पळतायत पण खाली त्यातले निम्मेच पोचतायत. कधी आईसारखी नियमित झालेली एएफ. आणि सगळ्यात भीतीदायक म्हणजे रुंद ठोके, एक वर तोंड करून, पुढचा खाली तोंड करून, आलटून पालटून. हे शेवटचं मी २२ वर्षांत एकदाच बघितलंय, आणि ते ज्यांचं होतं ते आजोबा त्या रात्री वाचले नाहीत. यातलं कुठलंही चित्र दुसऱ्या आजारातही येऊ शकतं. गोळीचं नाव शेजारी असलं तरच त्याचा अर्थ लागतो.

याच रकान्याची एक आठवण सांगते. तुमच्याकडे असताना एका सात वर्षांच्या मुलाला आणलं होतं, खेळता खेळता बिट्टीचं फळ फोडून आतली बी खाल्लेली. आपल्याकडे पिवळ्या कण्हेरीला बिट्टी म्हणतात, शाळेच्या कुंपणाला असतेच, आणि तिच्या बीत डिजॉक्सिनच्याच जातीचं विष असतं. मी औषधांच्या रकान्यात ठळक अक्षरात बिट्टी असं लिहिलं. फिजिशियन सरांनी पट्टी हातात घेतली, संथ रेट आणि मधेच गळलेला ठोका बघितला, रकाना वाचला आणि लगेच अँब्युलन्स बोलावली. त्याच मुलाची पट्टी आज गेली असती तर त्यावर फक्त ७ वर्षं, पुरुष, असं असतं.

दुसरं म्हणजे टेक्निशियनचं म्हणणं कुठे जात नाही. आम्ही डॉक्टर नाही, आम्हाला निदान करायचं नाहीये. पण पेशंटच्या शेजारी उभं राहून पट्टी काढणारा माणूस आम्हीच असतो, तो काय बोलतो ते ऐकणारेही आम्हीच. "ठोके नियमित वाटतात, पेशंटला पिवळं दिसतं" एवढं लिहायला एक ओळ पुरते.

तिसरं, सुट्टीचे वार. आठवड्यातून पाच दिवस असलेली गोळी चार्टवर उतरताना रोजची होते. हे फक्त आईच्या बाबतीत झालं असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

चौथं, डिजॉक्सिनवरचा म्हातारा पेशंट उलट्या-जुलाब-भूक नाही म्हणून आला तर त्याच दिवशी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायला हवं होतं. आईचं रक्त गेलं रविवारी, मी मागे लागल्यावर. तोवर तिच्या पोटात आणखी दोन गोळ्या गेल्या होत्या, त्याही तिच्या सुट्टीच्या दोन दिवशी. हे लिहिताना अजून हात थरथरतो.

पाचवं, लेव्हल. सॅम्पल शेवटच्या गोळीनंतर किमान सहा तासांनी घ्यायचं असतं, आधी घेतलं तर आकडा खोटाच मोठा येतो. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर दोनपर्यंत नॉर्मल छापलेलं असतं, पण हार्ट फेल्युअरसाठी आता ०.५ ते ०.९ च्या आसपास ठेवा म्हणतात, म्हणजे १.८ चा आकडा बघून कोणी निर्धास्त झालं तर तेही चूकच. आणि बिट्टीच्या केसमधे हा आकडा किती विष गेलं ते सांगू शकत नाही, तिथे पट्टी आणि पोटॅशियमवरच नजर ठेवावी लागते.

कोणी म्हणेल मग हे औषधच बंद करा. नाही. आईला याच गोळीनं इतकी वर्षं घरात हिंडता-फिरता आलं, ती स्वस्त आहे, आणि आपल्याकडे सांध्याच्या तापातून झडप बिघडलेले जे हजारो लोक खेड्यापाड्यात आहेत त्यांना ती लागते. ती सुरू करताना जेवढं लक्ष देतो तेवढं पुढे दर वेळी द्यावं लागतं, माझं म्हणणं एवढंच आहे.

तर माझ्या मागण्या अशा.

अ‍ॅपमधे चालू औषधांचा रकाना परत आणा आणि तो भरल्याशिवाय ईसीजी पुढे जाऊ देऊ नका. त्यात डिजॉक्सिन घेतात का, हो की नाही, अशी वेगळी खूण ठेवा. बहुतेकांना नाव सांगता येत नाही, त्यामुळे पाकीट बघूनच भरा. टेक्निशियनची ओळ परत द्या, आणि त्या ओळीत लिहिलं म्हणून कोणाला बोलणी खावी लागणार नाहीत हे लेखी द्या.

वाचणाऱ्या डॉक्टरांना विनंती, डिजॉक्सिनवरच्या पेशंटची एएफ असेल तर रिपोर्टमधे ठोके अनियमित की नियमित हा एक शब्द लिहाच, लाँग लीड टू, म्हणजे ठोक्यांचा ताल दाखवणारी लांब पट्टी, बघितल्याशिवाय कंट्रोल्ड लिहू नका, आणि नियमित असतील तर रिपोर्ट पाठवून थांबू नका, फोन करा.

वॉर्डच्या चार्टवर आठवड्याचे वार छापा. डिजॉक्सिनचा पेशंट अ‍ॅडमिट झाला की पहिल्या काही तासांत किडनी आणि पोटॅशियमचा रिपोर्ट, आणि तो येईपर्यंत पुढचा डोस थांबवायचा की नाही हे डॉक्टरांनी सहीनिशी लिहायचं. मेडिकल स्टोअरवाल्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन देताना एकदा विचारावं, हार्टची कुठली गोळी चालू आहे का, तुमच्या आवारातल्या दुकानापासून सुरुवात करा. आणि पेशंटच्या हातात मराठीतलं एक साधं कार्ड: तुम्ही डिजॉक्सिन घेता, भूक गेली, मळमळ सुरू झाली, पिवळं-हिरवं दिसलं, नाडी मंद झाली तर पुढची गोळी घ्यायच्या आधी फोन करा. याला फार खर्च येत नाही. ते कार्ड मी स्वतः लिहून देते, तुमच्या डॉक्टरांनी तपासावं.

मला नुकसानभरपाई नको. कोणा सिस्टरवर, कोणा टेक्निशियनवर कारवाई तर अजिबात नको, तसं झालं तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

माझ्याकडे आईच्या तीन पट्ट्या आहेत, शुक्रवारची, रविवारची आणि घरी सोडतानाची. शेवटच्या पट्टीत ठोके परत वेडेवाकडे पडतायत, २२ घरं, मग १७, मग २६, आणि ते बघून मी जिल्ह्याच्या हॉस्पिटलच्या पायरीवर बसून रडले होते. सोमवारी अकरा वाजता मी त्या तिन्ही घेऊन तुमच्या ऑफिसला येतेय. सुपरिटेंडंट सरांनी अर्धा तास द्यावा, आणि लांबून रिपोर्ट देणाऱ्यांपैकी कोणीतरी एकजण फोनवर असावं. जुना पिवळा फॉर्म माझ्या ट्रंकेत अजून एक आहे, तो पण आणते.

आपली,
तुमच्याकडे सहा वर्षं काम केलेली ईसीजी टेक्निशियन